मलिक अंबराच्या आधीचा आफ्रिका : दख्खनचे हबशी कोणत्या इतिहासातून आले?

मलिक अंबरावर मराठीत लिहिले जाते तेव्हा त्याच्या आयुष्याची पहिली वीस-पंचवीस वर्षे बहुधा एका वाक्यात उरकली जातात. तो हबशी गुलाम होता, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, एवढेच वाचकाच्या हाती लागते. त्यानंतरचे सगळे मात्र तपशिलाने येते: मोगलांच्या रसदेवर तुटून पडणारी घोडदळाची पथके, शेतसाऱ्याची नवी व्यवस्था, खडकी (पुढचे औरंगाबाद) शहर आणि त्याला पाणी पुरवणारी नहर, १६२४ ची भातवडीची लढाई, शहाजीराजे आणि लखुजी जाधव यांच्याशी आलेले संबंध. ज्या भूमीत हा मनुष्य जन्मला तिलाही राज्ये, लिपी, नाणी, बंदरे आणि धर्मयुद्धे यांचा दीर्घ इतिहास होता, याचा मागमूस या लेखनात क्वचितच दिसतो. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाचा इतिहास त्याच्या विक्रीपासूनच सुरू करायचा, हे मला मनापासून खटकते. म्हणून त्याच्या आधीच्या इथिओपियाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो आहे. जाणकारांनी भर घालावी.

आजचा उत्तर इथिओपिया आणि एरिट्रिया यांच्या उंच पठारावर इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून सुमारे सातव्या शतकापर्यंत अक्सुमचे राज्य होते. तांबड्या समुद्रावरील अडुलिस हे त्याचे बंदर होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील सागरी मार्गदर्शिकेत अडुलिसहून हस्तिदंत निर्यात होत असल्याची नोंद आहे आणि त्याच बाजारात एरियाकातून, म्हणजे साधारणपणे गुजरात व उत्तर कोकणाच्या पट्ट्यातून, लोखंड, पोलाद, सुती कापड आणि लाख येत असल्याचीही नोंद आहे. भडोच, सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांचे उल्लेख असलेला हाच तो ग्रंथ. आपण तो सातवाहनांच्या व्यापारासाठी नेहमी उद्धृत करतो, पण समुद्रापलीकडे हा माल कोणाच्या राज्यात उतरत होता, याची चौकशी सहसा करत नाही. इथिओपियातील देब्रे दामो या मठाच्या परिसरात कुशाणांच्या सुवर्णनाण्यांचा साठा सापडला आहे. हिंदी महासागराच्या दोन किनाऱ्यांचा संबंध सोळाव्या शतकातील गुलामांच्या व्यापारापेक्षा किती जुना आहे, हे त्यावरून दिसते.

अक्सुमचे सामर्थ्य त्या काळच्या जगाला परिचित होते. तिसऱ्या शतकातील इराणी धर्मसंस्थापक मानी याच्या शिकवणीच्या ग्रंथात जगातील चार थोर राज्यांमध्ये इराण आणि रोम यांच्याबरोबर अक्सुमची गणना केलेली आहे. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात राजा एंडुबिस याने नाणी पाडण्यास आरंभ केला आणि पुढे अक्सुमची नाणी सोने, चांदी व तांबे या तिन्ही धातूंत निघत राहिली. चौथ्या शतकात राजा एझाना याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा नाण्यांवरील चंद्रकोर व बिंब यांच्या जागी क्रूस आला. राजाच्या धर्मांतराचा इतका प्रत्यक्ष आणि समकालीन पुरावा इतिहासात फार थोड्या ठिकाणी मिळतो. एझानाचे शिलालेख ग्रीक आणि गीझ (इथिओपियाची प्राचीन भाषा) अशा दोन भाषांत आहेत. गीझ लिपीत व्यंजनाच्या आकारातच फेरफार करून स्वर दाखवतात, त्यामुळे बाराखडीवर वाढलेल्या मराठी वाचकाला तिची रचना चटकन उमगते. ही लिपी आजही अम्हारिक आणि तिग्रिन्या लिहिण्यासाठी रोजच्या वापरात आहे.

अक्सुम नगरातील एकसंध दगडी स्तंभ पाहिले, तर त्या राज्याच्या कारागिरीची आणि मनुष्यबळ एकत्र आणण्याच्या शक्तीची कल्पना येते. सर्वांत मोठ्या स्तंभाची लांबी सुमारे ३३ मीटर आणि वजन ५०० टनांहून अधिक आहे. तो आज कोसळलेल्या स्थितीत आहे. सुमारे २४ मीटर उंचीचा दुसरा एक स्तंभ मुसोलिनीच्या सैन्याने १९३७ मध्ये रोमला नेला. तो परत मिळवण्यासाठी इथिओपियाला २००५ पर्यंत वाट पाहावी लागली आणि २००८ मध्ये तो मूळ जागी पुन्हा उभा राहिला.

सातव्या शतकानंतर तांबड्या समुद्रावरील व्यापाराची सूत्रे अरबांकडे गेली, अडुलिस मागे पडले आणि सत्तेचे केंद्र हळूहळू दक्षिणेकडे सरकले. तरी त्या पठारावरील परंपरा खंडित झाली नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस आणि तेराव्याच्या आरंभी झाग्वे घराण्यातील राजा लालिबेला याच्या नावाशी जोडली गेलेली अकरा चर्चे डोंगरात कोरलेली आहेत. त्यांतले सेंट जॉर्जचे चर्च क्रूसाच्या आकाराचे असून ते वरून खाली कोरत आणून चारही बाजूंनी डोंगरापासून सुटे केलेले आहे. वेरूळचे कैलास लेणे याच पद्धतीने, त्याआधी सुमारे चार शतके, राष्ट्रकूटांच्या काळात घडले. या दोहोंमध्ये काही देवाणघेवाण झाली असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. पण कैलास लेण्याचे मोल जाणणाऱ्या वाचकाला लालिबेलाच्या पाथरवटांनी काय साधले होते, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता मलिक अंबराच्या जन्माच्या जवळ येऊ. १२७० पासून पठारावर स्वतःला बायबलमधील राजा सॉलोमनचे वंशज म्हणवणाऱ्या ख्रिस्ती राजांची सत्ता होती, तर पूर्वेकडील सखल प्रदेशात आधी इफात आणि नंतर अदल या मुस्लिम सल्तनती होत्या. झैला बंदर आणि तटबंदीचे हरार शहर ही अदलची महत्त्वाची स्थाने होती. १५२९ मध्ये अदलचा सेनानी अहमद इब्न इब्राहिम याने शिंब्रा कुरेच्या लढाईत ख्रिस्ती राजाचा पराभव केला आणि पुढील काही वर्षांत बहुतेक पठार व्यापले. त्याला उस्मानी तुर्कांकडून बंदुका मिळाल्या, तर ख्रिस्ती राजाच्या मदतीला १५४१ मध्ये सुमारे ४०० पोर्तुगीज बंदूकधारी आले. त्यांचे नेतृत्व वास्को द गामाचा मुलगा क्रिस्तोव्हाँव याच्याकडे होते. १५४२ मध्ये तो पकडला जाऊन मारला गेला, तर १५४३ मध्ये अहमद स्वतः लढाईत पडला. दोन्ही सत्ता थकलेल्या असतानाच दक्षिणेकडून ओरोमो लोकांचे मोठे स्थलांतर सुरू झाले. अशा अस्थिर प्रदेशात माणसे पकडून झैला व मसावा या बंदरांकडे हाकलत नेणाऱ्यांचा धंदा तेजीत आला.

मलिक अंबराचा जन्म १५४८ च्या सुमाराचा, म्हणजे हे युद्ध संपून जेमतेम पाच वर्षे झाली असतानाचा. बहुतेक अभ्यासक त्याला ओरोमो मानतात आणि त्याचे मूळ नाव चापू असे सांगितले जाते. येमेनचे मोखा बंदर आणि बगदाद असा प्रवास करत तो मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याकडे आला. तेथे त्याला इस्लामची दीक्षा, अंबर हे नाव आणि लिहिण्यावाचण्याचे व हिशेबाचे शिक्षण मिळाले. १५७० च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीजखान स्वतः हबशी होता आणि तोही एकेकाळी गुलाम होता, हे लक्षात घेतले की अंबर कोणत्या व्यवस्थेत दाखल झाला ते स्पष्ट होते. आफ्रिकेतून आलेल्या माणसांची दुसरी-तिसरी पिढी तोवर दख्खनच्या दरबारांत स्थिरावली होती. इराणी-तुराणी उमरावांच्या विरुद्ध दख्खनी गटाची बाजू ते घेत असत आणि त्यांचे स्वतःचे लागेबांधे व सैन्ये होती. अंबराची मुलगी निजामशाहास दिली गेली, तो स्वतः १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत राज्य चालवत राहिला आणि खुलदाबादला त्याची कबर आहे.

जहांगीर बादशहाने त्याच्याविषयी आपल्या आत्मवृत्तात अतिशय हीन भाषा वापरली. अबुल हसन या चित्रकाराने तर बादशहा अंबराच्या छाटलेल्या मस्तकावर बाण सोडत असल्याचे चित्र काढले, जे प्रत्यक्षात कधीही घडले नाही. परंतु अंबराच्या मृत्यूनंतर मोगलांच्याच दरबारी इतिहासकाराने, मुतमदखानाने, युद्धात, सेनापतित्वात आणि राज्यकारभारात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता असे लिहून ठेवले. शत्रूकडून आलेली अशी कबुली मला फार मोलाची वाटते.

प्रतिसाद १

लेख आवडला, आणि विशेषतः पेरिप्लसमधील दोन किनाऱ्यांची सांगड पटली. मात्र एक बाब नोंदवणे आवश्यक वाटते. दख्खनचे हबशी उमराव मुख्यत्वे इथिओपियाच्या परिसरातून आले असले, तरी आज गुजरात आणि कर्नाटकात राहणाऱ्या सिद्दी समाजाचे पूर्वज बहुसंख्येने त्याच भागातले नाहीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांचा आफ्रिकी वारसा प्रामुख्याने बांटू भाषक समूहांशी जुळल्याचे दिसले. म्हणजे ही माणसे टांझानिया, मोझांबिक आणि त्यांच्या आतल्या प्रदेशांतून आलेली होती. त्यामुळे अक्सुमच्या बरोबरीने स्वाहिली किनाऱ्याचाही इतिहास येथे यायला हवा.

सोमालियाच्या दक्षिणेपासून मोझांबिकपर्यंतच्या या किनाऱ्यावर मोगादिशू, लामू, मोम्बासा, झांजिबार, किल्वा आणि सोफाला अशी बंदरांची माळ होती. येथील लोकांची स्वाहिली भाषा बांटू कुळातील असून तिच्यात अरबी शब्दांची मोठी भर पडली आहे. इब्न बतूता १३३१ मध्ये किल्व्याला गेला होता आणि जगातील सुंदर शहरांत त्याने त्याची गणना केली. प्रवाळाच्या दगडातील तेथील मोठी मशीद आणि हुसुनी कुब्वा हा भव्य राजवाडा यांचे अवशेष आजही उभे आहेत. किल्व्याचे सुलतान स्वतःची तांब्याची नाणी पाडत असत. आतल्या प्रदेशातील सोने सोफालामार्गे किल्व्याला येई, आणि बदल्यात गुजरातचे कापड, भारतीय काचमणी व चिनी मातीची भांडी आत जात. मोसमी वाऱ्यांवर चालणारा हा व्यापार होता, त्यामुळे खलाशांना आणि व्यापाऱ्यांना परतीच्या वाऱ्याची वाट पाहत परक्या बंदरात महिनोन्‌महिने राहावे लागे. याच सक्तीच्या मुक्कामांतून दोन्ही किनाऱ्यांवर घरे झाली आणि सोयरिकी जुळल्या. १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेदाच्या आरमाराने किल्वा लुटले. तोच आल्मेदा त्याच वर्षी पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय म्हणून हिंदुस्थानात आला.

प्रतिसाद २

चर्चा हिंदी महासागरापुरती राहू नये असे वाटते, कारण आफ्रिकी विस्थापनाचा सर्वांत मोठा भाग अटलांटिकवर घडला. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत सुमारे १ कोटी २५ लाख माणसांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत कोंबण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख माणसे पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली. एकट्या ब्राझीलमध्ये सुमारे ४८ लाख माणसे पोहोचली, तर आजच्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत थेट उतरलेल्यांची संख्या ४ लाखांच्या आतच होती. आपल्या मनातील या विषयाचे चित्र उत्तर अमेरिकेच्या कापसाच्या मळ्यांवरून बनलेले असते, त्यामुळे ब्राझील व कॅरिबियन बेटे यांचा वाटा आपल्या लक्षात येत नाही.

ही माणसे रिकाम्या हाताने गेली नव्हती. दक्षिण कॅरोलिनाच्या दलदलीतील भातशेतीला पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील शेतकऱ्यांचे ज्ञान कारणी लागले, असे अनेक अभ्यासकांचे प्रतिपादन आहे. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांचे ओरिशा देव ब्राझीलच्या कांदोम्ब्ले पंथात आणि क्यूबाच्या सांतेरियात आजही पुजले जातात. ब्राझीलमध्ये पळालेल्या गुलामांनी वसवलेले पाल्मारेस सतराव्या शतकाचा बहुतेक काळ पोर्तुगीजांशी झुंजत टिकून राहिले आणि त्याचा शेवटचा नेता झुंबी १६९५ मध्ये मारला गेला. १७९१ मध्ये हैतीत सुरू झालेल्या उठावातून १८०४ मध्ये स्वतंत्र राष्ट्र जन्मले. गुलामांनी स्वबळावर गुलामगिरी संपवून राज्य स्थापल्याचे दुसरे असे उदाहरण नाही.

या पार्श्वभूमीवर मला असे वाटते की हिंदी महासागरातील गुलामगिरी तुलनेने सौम्य होती. अटलांटिकच्या पलीकडे एखादा मलिक अंबर घडणे अशक्यच होते.

प्रतिसाद ३

वरील प्रतिसादातील माहितीशी सहमत असूनही शेवटच्या निष्कर्षाशी मी ठामपणे असहमत आहे. मलिक अंबराचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण तो अपवाद होता. लष्करी गुलामाला शस्त्र मिळे, मालकाचा विश्वास मिळे, बहुधा कालांतराने मुक्तताही मिळे आणि त्यातून दरबारात वर चढण्याची वाट निघे, हे खरे आहे. पण हिंदी महासागरावरून नेलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. त्यांच्यापैकी बहुतेकींच्या वाट्याला घरकाम आणि उपभोगाची दासी होणे आले आणि त्यांची नावे कोणत्याही तवारिखेत नाहीत. ज्या मुलांना खच्ची करून जनानखान्यांच्या पहाऱ्यासाठी विकले गेले, त्यांतली कितीतरी त्या शस्त्रक्रियेतच मरण पावली. इराकच्या दक्षिण भागातील खाऱ्या दलदली साफ करण्यासाठी राबवलेल्या झंज, म्हणजे पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या, गुलामांनी ८६९ मध्ये बंड पुकारले आणि ते ८८३ पर्यंत चालले. सौम्य व्यवस्थेविरुद्ध माणसे चौदा वर्षे लढत नाहीत. पोर्तुगीज गोव्यातही मोझांबिकमधून आणलेली माणसे घरोघरी राबत होती, आणि त्यांतले जे घाट चढून पळाले त्यांच्या वंशजांविषयी पुढे कोणी लिहिले तर बरे होईल.

त्या काळातील आफ्रिकी विचारवंत या प्रश्नावर काय म्हणत होते, हेही पाहिले पाहिजे. आजच्या मालीतील टिंबक्टूचा अहमद बाबा हा मलिक अंबराचा समकालीन होता. १५५६ मध्ये जन्मलेला हा विद्वान १६२७ मध्ये वारला, म्हणजे दोघांचे मृत्यू एका वर्षाच्या अंतराने झाले. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या सैन्याने तोंदिबीच्या लढाईत टिंबक्टूवर राज्य करणारे सोंगाई साम्राज्य मोडले आणि १५९४ मध्ये अहमद बाबाला बेड्या घालून माराकेशला नेले. आपल्या जप्त झालेल्या ग्रंथसंग्रहात १६०० ग्रंथ होते आणि घराण्यातील इतरांच्या मानाने तो लहानच होता, असे त्याने सांगितल्याची नोंद आहे. मायदेशी परतल्यानंतर १६१५ मध्ये त्याने गुलामगिरीविषयी एक निबंध लिहिला. त्यात कोणत्या प्रदेशांतील लोक मुस्लिम आहेत याची चर्चा करून, त्यांना गुलाम करणे अवैध ठरते आणि माणसाच्या काळ्या वर्णाला या बाबतीत काहीही अर्थ नाही, असे त्याने मांडले. त्याची मर्यादा उघड आहे, कारण बिगरमुस्लिमांना गुलाम करण्यास त्याने हरकत घेतली नाही. तरीही आफ्रिकेतच बसून एक आफ्रिकी विद्वान वर्ण आणि दास्य यांची सांगड शास्त्राधाराने तोडतो आहे, ही गोष्ट युरोपातील गुलामगिरी-उच्चाटनवादी चळवळीच्या दीडशे वर्षे आधीची आहे.

धागाकर्ता

प्रतिसाद ३ शी मी सहमत आहे. अंबराच्या कर्तृत्वाचा वापर त्याला विकणाऱ्या बाजाराची भलामण करण्यासाठी होऊ नये, अशी माझीही इच्छा आहे. अहमद बाबाचा उल्लेख आला हे फार चांगले झाले. मालीच्या मानसा मूसाची १३२४ ची हजयात्रा आणि कैरोत त्याने उधळलेले सोने ही कथा आता पुष्कळांना ठाऊक असते, पण टिंबक्टूच्या ग्रंथसंग्रहांतील न्यायशास्त्र, खगोल, व्याकरण आणि व्यापारी करारमदार यांच्याकडे तितके लक्ष जात नाही. २०१२ मध्ये सशस्त्र गटांनी ते शहर ताब्यात घेतले, तेव्हा ग्रंथपालांनी आणि सामान्य कुटुंबांनी लाखो हस्तलिखिते पेट्यांत भरून, गाड्यांतून आणि होड्यांतून बामाकोला पोहोचवली.

प्रतिसाद ४

मला एक मूलभूत शंका मांडायची आहे. आपण येथे स्तंभ, नाणी, लिपी, राजवाडे आणि ग्रंथ यांच्या आधारे आफ्रिकेला इतिहास होता असे सिद्ध करत आहोत. हे आवश्यक आहे हे मान्य आहे, कारण तो नाकारण्याचा प्रयत्न पद्धतशीरपणे झालेला आहे. आजच्या झिंबाब्वे देशातील ग्रेट झिंबाब्वे या प्राचीन नगराचेच उदाहरण पाहावे. अकरावे ते पंधरावे शतक या काळात शोना लोकांच्या पूर्वजांनी चुन्याचा थेंबही न वापरता ग्रॅनाइटच्या चिऱ्यांवर चिरे रचून हे नगर उभारले. मोठ्या वेढ्याची भिंत सुमारे २५० मीटर लांब असून काही ठिकाणी ती ११ मीटर उंच आहे. जर्मन प्रवासी कार्ल माउख १८७१ मध्ये तेथे पोहोचला, तेव्हा त्याने तिचा संबंध बायबलमधील शेबाच्या राणीशी जोडला. १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हर यांनी आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खननाच्या आधारे हे नगर आफ्रिकी लोकांनीच बांधले असा निष्कर्ष दिला. तरीही ऱ्होडेशियाच्या (झिंबाब्वेचे तेव्हाचे नाव) गोऱ्या राजवटीने १९७० च्या दशकापर्यंत ही गोष्ट उघडपणे सांगणाऱ्या पुरातत्त्वज्ञांवर दबाव आणला. ज्यांनी बांधले त्यांच्या वंशजांवर राज्य करायचे, तर बांधणारे दुसरेच कोणी होते असे सांगणे राज्यकर्त्यांच्या सोयीचे होते.

तथापि, ज्या समाजांनी दगडात बांधले नाही आणि राजे नेमले नाहीत, त्यांचे काय? मालीतील नायजर नदीच्या खोऱ्यात जेने-जेनो नावाचे स्थळ आहे. १९७७ पासून तेथे झालेल्या उत्खननांतून असे दिसले की इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास सुरू झालेली ही वस्ती पुढे मोठे शहर झाली. तिच्याभोवती छोट्या वस्त्यांची दाटी होती आणि त्यांतल्या काहींत लोहार, कोळी अशा कारागिरांचे वेगवेगळे गट राहत होते. मात्र राजवाडा, बालेकिल्ला किंवा राजाची थडगी अशी सत्ता एकवटल्याची खूण तेथे सापडली नाही. हजारो माणसे शतकानुशतके एकत्र राहिली, लोखंड वितळवले, तांबे दुरून आणले, भात पिकवला, आणि हे सर्व एखाद्या सम्राटावाचून केले. मला हे शहर अक्सुमच्या स्तंभांहून अधिक विचार करायला लावते. आपल्या इतिहासलेखनाला तलवार आणि तख्त यांची इतकी सवय आहे की अशा शहराविषयी काय लिहावे हे आपल्याला सुचत नाही.

प्रतिसाद ५

महाराष्ट्राशी असलेला एक दुवा या चर्चेत अद्याप आलेला नाही, तो नाशिकचा. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराने हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबते पकडण्यास सुरुवात केली, तेव्हा सोडवलेल्या मुलांपैकी अनेकांना मुंबईत उतरवले गेले. त्यांतल्या काहींना नाशिकजवळ शरणपूर येथील चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत ठेवले जाई. तेथे त्यांना लिहिणे-वाचणे आणि सुतारकाम, लोहारकाम असे व्यवसाय शिकवले जात. ही मुले याओ आणि इतर पूर्व आफ्रिकी समाजांतली होती. त्यांची गावे, भाषा आणि आईवडील कायमचे सुटलेले होते, आणि नावे ख्रिस्ती ठेवली गेली होती.

१८६६ मध्ये स्कॉटिश मिशनरी व शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेतील आपल्या शेवटच्या प्रवासाला निघाला, तेव्हा त्याच्या तुकडीत नाशिकचे काही तरुण होते. पुढे १८७२ मध्ये आणखी काही जण त्याला येऊन मिळाले. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट याचे नाव विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. मे १८७३ च्या आरंभी आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. सोबत्यांनी त्याचे हृदय एका झाडाखाली पुरले, वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर लेख कोरला. त्यानंतर सुसी, चुमा, वेनराइट आणि इतर सोबत्यांनी तो देह अनेक महिन्यांची पायपीट करून किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत झालेल्या दफनविधीत शवपेटीचे टोक धरणाऱ्यांत वेनराइट होता. त्याने त्या प्रवासाची रोजनिशी लिहिली होती आणि ती आज उपलब्ध आहे. लिव्हिंगस्टनची कथा जगभर सांगितली गेली, परंतु तिच्यातले शिकलेसवरलेले आफ्रिकी साक्षीदार बराच काळ ‘निष्ठावान नोकर’ या दोन शब्दांत गुंडाळले गेले.

त्याच सुमारास मोम्बासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीअर टाउन ही वसाहत उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांचे नाव तिला दिलेले आहे. शरणपूरचे बहुतेक आफ्रिकी तरुण तेथे आणि जवळच्या रबाई येथे गेले. केनियात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत. ते शिक्षक, दुभाषे आणि धर्मोपदेशक झाले. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हे त्यांच्यातलेच. विस्थापित माणसे मायखंडात परतली, पण आपापल्या जन्मगावी पोहोचली नाहीत, आणि किनाऱ्यावरच्या लोकांना ती परकीच वाटली. आफ्रिकी विस्थापनाच्या इतिहासात परतीचे हे प्रकरण अतिशय महत्त्वाचे आहे, आणि त्यातला एक मुक्काम नाशिकला झाला याची नोंद नाशिककरांनी तरी ठेवावी.

प्रतिसाद ६

प्रतिसाद ३ मध्ये घाट चढून गेलेल्यांचा विषय निघाला होता, म्हणून लिहितो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हलियाळ, अंकोला या तालुक्यांच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाजाच्या वस्त्या आहेत. त्यांच्यातील पुष्कळांचे पूर्वज गोव्याच्या पोर्तुगीज अमलातून निसटलेले गुलाम होते, असे मानले जाते. या समाजात हिंदू, ख्रिस्ती आणि मुस्लिम असे तिन्ही धर्म आहेत आणि घरात बोलली जाणारी भाषा प्रामुख्याने कोकणी आहे. कन्नड आणि मराठीही अनेकांना येते. गुजरातेत, विशेषतः रतनपूर येथे, बावा गोर या आफ्रिकी पिराचा दर्गा आहे. अकीक दगडाच्या व्यापाराशी त्याची कथा निगडित आहे. तेथील सिद्दींच्या धमाल नृत्यात आणि मलुंगा या एकतारी धनुष्यवाद्यात पूर्व आफ्रिकेच्या संगीताच्या खुणा अभ्यासकांनी दाखवून दिल्या आहेत.

जंजिऱ्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते जवळजवळ सर्व मराठ्यांशी झालेल्या संघर्षाच्या अंगाने असते. ते स्वाभाविक आहे, कारण शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज या दोघांनी प्रयत्न करूनही तो जलदुर्ग हाती आला नाही आणि सिद्दींच्या स्वाऱ्यांचा त्रास कोकणच्या रयतेने प्रत्यक्ष भोगला. तरी हे राज्य १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकले आणि गुजरातेतील सचिनचे नवाब याच घराण्याच्या शाखेचे होते. आफ्रिकी वंशाच्या सत्ताधाऱ्यांनी आफ्रिकेबाहेर इतका दीर्घकाळ राज्य केल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. कोकणातील वाचकांनी या दोन्ही बाजू एकत्र वाचायला हव्यात असे मला वाटते.

कर्नाटकातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. त्याआधी जंगलातील जमिनींवरचे हक्क, शाळा आणि नोकऱ्या यांसाठी त्यांनी दीर्घकाळ मागण्या केल्या होत्या. २०२० मध्ये शांताराम सिद्दी यांची कर्नाटकच्या विधान परिषदेवर नियुक्ती झाली आणि त्या समाजाचा पहिला प्रतिनिधी राज्याच्या विधिमंडळात पोहोचला. धागाकर्त्यांनी मलिक अंबराच्या आधीचा आफ्रिका मांडला. आता अंबराच्या नंतरच्या या सामान्य सिद्दी कुटुंबांविषयी, त्यांच्या शेतीविषयी, वनहक्कांविषयी आणि कोकणी बोलीविषयी कोणाकडे प्रत्यक्ष संपर्कातून आलेली माहिती असेल, तर ती याच धाग्यावर द्यावी, अशी विनंती आहे.